जकात कोणाची, सवलत कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या सत्राचा विषय वरकरणी किरकोळ वाटण्यासारखा आहे. टपालाने किंवा कुरिअरने सीमा ओलांडणाऱ्या अल्प किमतीच्या पार्सलांवर जकात असावी की नसावी, एवढाच तो प्रश्न. शेतमालाचे भाव, बेकारी, कंत्राटी कामगारांचे हाल हे विषय समोर असताना पार्सलांसाठी एक सत्र कशाला, असे दोन-तीन साथींनी सकाळी चहाच्या वेळी मला विचारले. त्यांची शंका रास्त आहे. परंतु कर कोणाच्या खिशातून जातो आणि सूट कोणाच्या पदरात पडते, हा समाजवादी माणसाने कोणत्याही कराबाबत विचारावयाचा पहिला प्रश्न होय. तो पारखून पाहण्यासाठी हजारो कोटींच्या अंदाजपत्रकापेक्षा दोन किलोंचे पार्सल पुष्कळदा अधिक सोयीचे पडते.

या विषयावर आपल्यात दोन मते आहेत. एक मत असे की, परदेशी स्वस्त मालाच्या पार्सलांमुळे इथला कारागीर आणि लहान दुकानदार बुडतो, म्हणून प्रत्येक पार्सलावर सणसणीत जकात बसवावी. दुसरे मत असे की, ज्याला दुकानातली किंमत परवडत नाही तोच माणूस अशी वस्तू मागवतो. तेव्हा तिच्यावरचा कर हा गरिबावरचाच कर ठरतो. दोन्ही मतांमागे कळकळ आहे. दोन्ही मते अपुरी आहेत, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. जकात हा शब्द मी येथे व्यापक अर्थाने वापरतो आहे. बंदरावरचे सीमाशुल्क असो, शहराच्या नाक्यावरची जुनी जकात असो, की कागदावरची नोंदणीची अट असो. माल सीमेवर अडवून त्याच्याकडून जे वसूल केले जाते ते सारे सामान्य माणसाच्या लेखी जकातच असते.

सुरुवात एका अलीकडच्या प्रसंगापासून करतो.

दिवाळीच्या आधी महिना-दीड महिना आपल्या अनेक गावांत आणि उपनगरांत एक लहानसा उद्योग उभा राहतो. चकल्या, शंकरपाळे, करंज्या, चिवडा आणि लाडू डब्यांत भरले जातात आणि परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांकडे रवाना होतात. तो फराळ करणाऱ्या बायका बहुधा बचत गटातल्या किंवा घरच्या घरी काम करणाऱ्या. दोन पैसे गाठीला बांधण्याचा त्यांचा तो हंगाम. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलाला जकात माफ होती, त्यामुळे फराळाच्या डब्याला जकात लागेल हा विचारही कोणाच्या मनात येत नसे. जुलै २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही सूट सर्व देशांच्या मालासाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि २९ ऑगस्टपासून तो अमलात आला. जकात कोणी गोळा करायची आणि कोणत्या मार्गाने भरायची, याची घडी मात्र बसलेली नव्हती. विमान कंपन्यांनी टपाल नेण्यास असमर्थता दाखवली आणि भारतीय टपाल खात्याला २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारी पार्सले स्वीकारणे थांबवावे लागले. ही सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. दिवाळी तेव्हा दारात उभी होती. सेवा सुरू झाली तीसुद्धा, मालाच्या जाहीर किमतीच्या ५० टक्के जकात पाठवणाराने इथेच आगाऊ भरावी, या अटीवर.

त्या वर्षी अमेरिकेने लादलेल्या शुल्काची झळ मोठ्या निर्यातदारांनाही लागली, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्यापाशी गोदामे होती, वकील होते, बँकेची उधारी होती आणि मंत्र्यांना भेटण्यासाठी शिष्टमंडळे होती. शुल्क लागू होण्याआधी माल घाईने पाठवण्याची सोय होती. फराळाचा डबा आधी पाठवून ठेवता येत नाही. करंजी टिकते किती दिवस? आणि तो डबा अडला म्हणून त्या बायकांचे शिष्टमंडळ कोणत्या मंत्र्याच्या दालनात गेले? हा प्रसंग मी भावनेला हात घालण्यासाठी सांगितलेला नाही. सवलत निर्माण झाली लहानासाठी, ती हडप केली मोठ्याने, आणि ती काढून घेताना पहिला तडाखा बसला पुन्हा लहानालाच. हा या साऱ्या प्रकरणाचा सारांश आहे, आणि तो या डब्यात संपूर्णपणे मावलेला आहे.

आता ही सवलत मुळात आली कोठून ते पाहू. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात १९३८ साली एक दुरुस्ती झाली आणि सरकारला एक डॉलरपर्यंतच्या मालावरची जकात सोडून देण्याची मुभा मिळाली. त्यामागचा विचार साधा आणि शहाणपणाचा होता. चार आणे वसूल करण्यासाठी रुपया खर्च करणे हा मूर्खपणा आहे. प्रवाशाने आणलेली लहानशी भेट, नातेवाइकाने पाठवलेला रुमाल, यांच्यामागे सरकारने कारकून धावडवू नयेत. पुढे ही मर्यादा वाढत वाढत २०० डॉलरवर आली, आणि २०१६ मध्ये ती एकदम ८०० डॉलर करण्यात आली. येथे सवलतीचे रूपच पालटले. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत या सवलतीखाली वर्षाला सुमारे १४ कोटी पार्सले येत असत. २०२४ च्या आर्थिक वर्षात ती संख्या १३६ कोटींवर गेली. युरोपीय संघात १५० युरोपर्यंत जकात माफ होती. तेथे २०२४ या एका वर्षात अशा अल्प किमतीच्या ४६० कोटी वस्तू आल्या, आणि त्यांतल्या शंभरातल्या ९१ एकट्या चीनमधून आल्या.

एवढ्या भेटी जगात कोणी कोणाला पाठवीत नसतो. शीन आणि टेमू यांसारख्या बलाढ्य विक्रीमंचांनी ही वाट हेरली. पूर्वी कपड्यांचा कंटेनर बंदरावर उतरे, त्यावर जकात भरली जाई, आणि मग माल घाऊक व्यापाऱ्याकडून दुकानात जाई. आता त्याच मालाच्या लाखो पुड्या बांधल्या गेल्या आणि प्रत्येक पुडीवर एकेका ग्राहकाचे नाव पडले. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक पुडी क्षुद्र, म्हणून जकात माफ. कोपऱ्यावरच्या लहान दुकानदाराने तोच सदरा पन्नास नग मागवला, तर त्याला जकात; जगातल्या प्रचंड भांडवलाने तोच सदरा पन्नास लाख घरांत एकेक करून पोचवला, तर त्याला माफी. पुडी लहान होती, तिच्यामागचा व्यापारी लहान नव्हता. कायदा पुडीकडे पाहत राहिला.

साथींनो, १९६३ साली लोकसभेत डॉक्टर राममनोहर लोहियांनी घडवून आणलेली तीन आणे विरुद्ध पंधरा आणे ही चर्चा आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. दर माणशी सरासरी उत्पन्नाचा आकडा पुढे करून दारिद्र्य कसे झाकले जाते, हे त्या चर्चेने देशाला शिकवले. येथेही तोच न्याय लावला पाहिजे. पार्सलाची सरासरी किंमत थोडी आहे, हे खरे. परंतु त्या सरासरीच्या पडद्याआड एका बाजूला अब्जावधी डॉलरांची उलाढाल करणारा मंच आहे, आणि दुसऱ्या बाजूला महिन्याला दहा डबे पाठवणारी बाई आहे. दोघांच्या पार्सलाची किंमत सारखी आहे, एवढ्यावरून दोघांना एकच नियम लावणे ही समता नव्हे.

मग जगातली सरकारे आता काय करीत आहेत? अमेरिकेने सूट सरसकट उठवली. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंत जकात माफ आहे. ती उशिरात उशिरा मार्च २०२९ पर्यंत काढून घेण्याचे तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. युरोपीय संघाच्या अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये असा निर्णय घेतला की, १५० युरोंहून कमी किमतीच्या पार्सलांतील वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून सरसकट तीन युरो जकात घ्यावी. आपल्यातले जकातीचे समर्थक या बातमीने आनंदले असतील. मी त्यांना एक लहानसे गणित करावयास सांगतो. पाच युरोंच्या वस्तूवर तीन युरो म्हणजे शेकडा साठ. शंभर युरोंच्या वस्तूवर तीन युरो म्हणजे शेकडा तीन. जो ग्राहक गरीब म्हणून पाच युरोंची वस्तू घेतो तो साठ टक्के भरणार. ज्याला शंभर युरोंची परवडते तो तीन टक्के भरणार. ज्या करात वस्तू जितकी स्वस्त तितका बोजा जड, तो कर समाजवाद्याने टाळ्या वाजवून घ्यावा असा नाही. आणि ज्या मंचासाठी हा बंदोबस्त केला, तो युरोपातच मोठी गोदामे बांधून माल आधीच आणून ठेवू शकतो. त्याला तेवढे भांडवल आहे. एकट्यादुकट्या विणकराला नाही.

हे झाले परक्यांचे. आपल्या देशाची कथा याहून निराळी नाही. परदेशातून भेट म्हणून आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या वस्तूला आपल्याकडे जकात माफ होती. परदेशी गेलेल्या मुलाने आईला पाठवलेले घड्याळ, बहिणीच्या मुलांसाठी आलेली खेळणी, अशांसाठी ती सोय होती. २०१८-१९ च्या सुमारास असे आढळले की, चिनी विक्रीमंच आपला माल भेट म्हणून नोंदवून या सवलतीतून आत आणीत आहेत. सरकारने काय केले? विक्री आणि भेट यांतला फरक ओळखण्याची व्यवस्था उभी केली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली आणि टपालाने वा कुरिअरने येणारी जकातमुक्त भेट हा प्रकारच बंद करून टाकला. अपवाद दोनच राहिले, जीवरक्षक औषधे आणि राखी. त्यातही राखीला सूट. राखीबरोबर बहिणीने पाठवलेल्या भेटवस्तूला नाही. चोर पकडता येईना म्हणून घराचा दरवाजाच भिंत घालून बुजवावा, तसे हे झाले.

पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. जून २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यांत शीनही होते. स्वदेशीच्या नावाने त्या निर्णयाचा गाजावाजा झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच नाव भारतात परतले, रिलायन्स उद्योगसमूहाशी झालेल्या कराराने आणि त्याच्याच ॲपच्या रूपाने. माल येथे बनणार, असे सांगण्यात आले. ते चांगलेच आहे. परंतु प्रश्न उरतोच. पाच वर्षांत आईच्या घड्याळासाठी बुजवलेला दरवाजा उघडला नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडवलदाराला मात्र परदेशी नाव आत आणण्यास वाट मिळाली. सीमेवरची भिंत लहानाला अडवते आणि मोठ्याला वाटाघाटीची संधी देते. केवळ भिंतीची उंची वाढवणे म्हणजे स्वावलंबन, असे मानणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता आपण देशाच्या सीमेवरून देशाच्या आत येऊ. कारण सीमा केवळ बंदरावर नसतात. इंग्रजांच्या अमदानीत या देशाच्या पोटातून एक जकातरेषा गेली होती. सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैल ती पसरली होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसे पहाऱ्याला होती. बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे काटेरी कुंपण मैलोगणती वाढवले होते. कशासाठी? प्रामुख्याने मिठावरची जकात कोणी चुकवू नये यासाठी. १८६७ ते १८७० या काळात या अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ मध्ये मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेतला. ती रेषा १८७९ मध्ये उठली. मिठावरचा कर मात्र उठला नाही. तो मीठ तयार होते तेथेच वसूल करण्याची सोय झाली, म्हणून कुंपणाची गरज संपली. कुंपण गेले याचा अर्थ बोजा गेला असा होत नाही, हा त्या इतिहासाचा धडा आहे.

आपल्या राज्यातल्या जकातीने हाच धडा पुन्हा गिरवला. मुलुंड, दहिसर, वाशी आणि ऐरोली या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत, आणि तेथली लाचलुचपत कोणी विसरलेले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. नाके उठले याचे मला दुःख नाही. परंतु त्या जकातीतून महापालिकेला वर्षाला सुमारे सात हजार कोटी रुपये मिळत. ते तिचे हक्काचे उत्पन्न होते. त्याच्या जागी राज्य सरकारकडून येणारी भरपाई आली. भरपाईची रक्कम दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढावी, अशी कायद्यात तरतूद आहे. तरीही हक्क आणि अनुदान यांत फरक असतोच, आणि विकेंद्रीकरण मानणाऱ्या आपल्या पक्षाने तो विसरता कामा नये.

नाका उठल्यावर सीमा गेली काय? कोल्हापूरच्या एका बचत गटाचे उदाहरण घेऊ. गट कांदा-लसूण मसाला करतो. त्याची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या कितीतरी आत आहे, म्हणून त्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अशा नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला विक्रीमंचावरून माल विकण्याची परवानगी मिळाली, ती राज्याच्या आत. तेव्हा हा गट आपला मसाला आठशे किलोमीटरांहून लांब असलेल्या गडचिरोलीला पाठवू शकतो. बेळगाव मात्र केवळ शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, तेथे त्याच चवीची, तीच भाषा बोलणारी माणसे राहतात. पण तेथे एक पुडा पाठवायचा तर राज्याची सीमा आडवी येते. आंतरराज्य विक्री म्हटली की विक्रीचा आकडा कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची. हस्तकलेच्या काही ठरावीक वस्तूंना यातून सूट आहे, मसाल्याला नाही. नोंदणी म्हणजे विवरणपत्रे, हिशेबनीस आणि चुकले तर दंड. सीमाभागातल्या माणसांच्या भावनांवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. त्या सीमेवरून मसाल्याचा पुडा सुखाने जावा, यासाठी मात्र कोणी तोंड उघडलेले मी ऐकले नाही. राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मुक्त असेल असे म्हटले आहे. मोठ्या कंपनीसाठी ते खरे झाले. तिची प्रत्येक राज्यात नोंदणी आहे, गोदाम आहे. लहानासाठी लाकडी नाका जाऊन कागदी नाका आला.

बाहेर माल पाठवतानाही हाच अनुभव. निर्यातीवर भरलेला कर परत मिळतो, हे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. परंतु परताव्याची रक्कम एक हजार रुपयांहून कमी असेल तर ती मिळणार नाही, असे कलम कायद्यात होते. कोटींची निर्यात करणाऱ्याला या कलमाचा उपसर्ग नव्हता. टपालाने दोन-चार हजारांचे पार्सल पाठवणाऱ्या कारागिराचाच परतावा त्यात बुडे. ही अट काढावी, अशी शिफारस जीएसटी परिषदेने केली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे कर आल्यानंतर आठ वर्षांनी. एकीकडे सरकारने देशभर हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे उघडली आणि लहान उत्पादकांना निर्यात करा म्हणून आवाहन केले. दुसरीकडे त्याच निर्यातदाराचे पाच-सातशे रुपये कायद्याने गिळले. लहान रकमेसाठी कागद हलवणे सरकारला परवडत नाही, हा युक्तिवाद लहानाकडून घेताना कोणी करीत नाही. देताना मात्र तो हमखास आठवतो.

मग आपण मागायचे काय? कसोटी बदलावी, ही माझी मुख्य सूचना आहे. आजवरच्या साऱ्या कायद्यांनी एकच प्रश्न विचारला, पार्सलाची किंमत काय? आपण विचारावे, पाठवणारा कोण आणि त्याची एकूण उलाढाल किती?

हे व्यवहारात अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी दोन दाखले देतो. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर एकाच देशाच्या दोन भागांत, म्हणजे ग्रेट ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यात, मालाच्या तपासणीची एक अंतर्गत सीमा निर्माण झाली. तेथे १ मे २०२५ पासून पार्सलांचे जे नियम लागू झाले, त्यांत व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेले, व्यापाऱ्याने ग्राहकाला पाठवलेले आणि व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला पाठवलेले असे भेद केले आहेत. मुलाने आईला पाठवलेल्या पार्सलासाठी जकातीचे विवरण भरावे लागत नाही. ती व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणत नाही. काही ब्रिटिश विक्रेत्यांनी कटकट नको म्हणून तिकडे माल पाठवणेच बंद केले. परंतु पाठवणारा कोण हे विचारता येते, एवढे तिने सिद्ध केले. दुसरा दाखला युरोपीय संघाचा. २०२१ पासून तेथे अल्प किमतीच्या मालावरचा विक्रीकर विक्रीच्या क्षणीच वसूल करण्याची पद्धत आहे, आणि परदेशी माल विकणाऱ्या मंचालाच अशा व्यवहारात विक्रेता मानले जाते. मंचाला कोणी काय घेतले, कितीला घेतले आणि माल कोठून निघाला हे सारे ठाऊक असते. १९३८ साली पुडीमागे कारकून धावडवणे परवडत नव्हते. आज मंचाच्या वह्या सरकारसमोर उघडता येतात. वसुलीचा खर्च हे सबब म्हणून आता चालणार नाही.

या विवेचनावरून चार मागण्या मी आपल्यापुढे ठेवतो. पहिली, सीमेपलीकडून माल विकणाऱ्या मोठ्या मंचांकडून पहिल्या रुपयापासून जकात घ्यावी, ती वस्तूच्या किमतीच्या प्रमाणात घ्यावी, आणि ती मंचाने भरावी. टपालवाल्याने ग्राहकाच्या दारात हात पसरू नये. दुसरी, व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीवरची २०१९ ची बंदी उठवावी आणि माणशी वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत ती जकातमुक्त करावी. तिसरी, लहान विक्रेत्याला राज्याच्या आत जी नोंदणीची सूट आहे तीच आंतरराज्य विक्रीलाही लागू करावी; कोल्हापूरला बेळगाव गडचिरोलीपेक्षा लांब असू नये. चौथी, परदेशांशी व्यापार करार करताना बचत गट, सहकारी संस्था आणि कारागीर यांच्या टपाली पार्सलांना समोरच्या देशात सूट मिळावी, हे कलम सरकारने आग्रहाने मांडावे, आणि २०२५ प्रमाणे वाट अचानक बंद झाली तर या लहान उत्पादकांना झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी.

मंचाने भरलेली जकात शेवटी ग्राहकाकडूनच वसूल होईल, असा आक्षेप दुसऱ्या मताचे साथी घेतील. काही अंशी होईल, हे मान्य केले पाहिजे. स्वस्त सदरा थोडा महागेल. परंतु गरिबाच्या स्वस्ताईची सोय दुसऱ्या गरिबाच्या रोजगाराच्या जिवावर करावयाची, हा भांडवलशाहीचा जुना खेळ आहे. भिवंडी-इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार आणि परदेशी कारखान्यात रात्रंदिवस शिवणारी मुलगी या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून ती स्वस्ताई येते. ग्राहकाला सदरा परवडत नसेल तर त्याचा खरा उपाय त्याच्या मजुरीत आहे. आणि पहिल्या मताच्या साथींना मी एवढेच सांगेन की, परदेशी माल म्हटला की मूठ आवळायची ही सवय सोडली पाहिजे. जेव्हा अमेरिकेने परदेशी माल अडवला, तेव्हा तो परदेशी माल आपल्याच बहिणींनी तळलेला होता.

प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी येत्या दोन महिन्यांत एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या टपाल कचेरीत जावे, बचत गटांच्या बैठकीस बसावे, आणि कोणाचे पार्सल कोठे अडले, कोणाचा परतावा बुडाला, कोणी नोंदणीच्या भीतीने मागणी परत पाठवली, याची टिपणे करावीत. मागण्या मी येथे मांडल्या. त्यांना बळ या टिपणांनी येईल. तेवढे झाले म्हणजे आपल्या लोकप्रतिनिधींना सभागृहात आकडे विचारता येतील, आणि ज्यांचे शिष्टमंडळ आजवर कोणत्याही दालनात गेले नाही, त्यांचे शिष्टमंडळ घेऊन आपल्याला जाता येईल.

 आता आपले प्रश्न ऐकण्यास मी उत्सुक आहे.